तीन गर्भपात, एक इक्सी आणि राहून गेलेली रक्ततपासणी

वसमत तालुक्यातल्या एका गावाहून आलेल्या या जोडप्याने माझ्या टेबलावर ठेवलेली पिशवी खताच्या दुकानातली होती, आणि ती कागदांनी शिगोशीग भरलेली होती. सहा वर्षांचे कागद. मी नांदेडला जनुकीय समुपदेशनाचं काम करते. नवी फाइल आली की आधी सगळे कागद तारखेप्रमाणे लावायचे आणि मगच बोलायचं, ही माझी सवय. त्या दिवशी बाईचे कागद डावीकडे ठेवत गेले, पुरुषाचे उजवीकडे. डावीकडची चळत चार बोटं उंच झाली. उजवीकडे निघाले पाच कागद.

हे प्रकरण त्या पाच कागदांचं आहे, आणि तिथे नसलेल्या सहाव्याचं. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते ३३ वर्षांचे, तीन एकर हळद आणि बाकी सोयाबीन. ती २८ वर्षांची, बारावी झालेली. नात्यातलं लग्न नाही. लग्नानंतर दीड वर्षाने पहिल्यांदा दिवस गेले, आठव्या आठवड्यात रक्तस्राव होऊन गर्भ पडला. वर्षभराने पुन्हा तेच, नवव्या आठवड्यात. त्यानंतर दोन वर्षं काहीच नाही. मग पहिल्यांदा नवऱ्याचं वीर्य तपासलं. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, दर मिलिलिटरला ४० लाख निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाखांची आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, ३२ लाख. तीन महिन्यांनीच का, तर एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्याआधी तपासलं तर तीच जुनी खेप हाती येते. ही शिस्त पाळली गेली होती, हे चांगलंच झालं. पण पुढे काय? दीड वर्ष ताकदीच्या गोळ्या. मग एका मोठ्या शहरातल्या केंद्रात इक्सी, म्हणजे शरीराबाहेर एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करणं. तिथे गर्भ राहिला, सोनोग्राफीत ठोके दिसले, गावात पेढे वाटून झाले, आणि दहाव्या आठवड्यात ठोके थांबले. पिशवी साफ केली. निघालेला गर्भाचा अंश कुठेही तपासायला गेला नाही.

हे तिन्ही गर्भपात जिच्या पोटात झाले तिच्याच तपासण्या होत राहिल्या. थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याच्या तपासण्या, दुर्बिणीतून पिशवी पाहणं, हे सगळं योग्यच होतं. त्याबरोबर चार वेळा केलेली टॉर्चची, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची, तपासणी होती, जिचा वारंवार होणाऱ्या गर्भपातात काही उपयोग नसतो. एका चिठ्ठीवर ‘पिशवीचं तोंड सैल, टाका घालावा’ असंही लिहिलेलं. टाका चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ सुटतो तेव्हाचा उपाय आहे. आठव्या आठवड्यात पडणाऱ्या गर्भाला तो काय करणार? आणि कागदावर न येणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. शेजारच्या डोहाळजेवणाला तिला बोलावणं येत नव्हतं. हे तिने सांगितलं तेव्हा नवरा खिडकीबाहेर बघत होता.

आता ते पाच कागद. दोन वीर्यतपासण्या, एक हार्मोनची, एक वृषणांची सोनोग्राफी, आणि पाचवा शुक्राणूंच्या डीएनए फ्रॅगमेंटेशनचा, ३४ टक्के. नवरा त्या पाचव्यावर बोट ठेवून म्हणाला, “डीएनए तपासलाय की म्याडम. गोळ्या घेतल्यावर सुधारंल म्हणले.”

या कागदाने घात केला होता. घात कुणी मुद्दाम केला असं मला म्हणायचं नाही, पण नावामुळे घोटाळा होतो आणि तो मी महिन्यातून दोनदा तरी पाहते. शंभरातल्या किती शुक्राणूंच्या डोक्यात डीएनएचा धागा तुटका आहे, तेवढंच ती तपासणी सांगते. धाग्याचे गुंडे किती आहेत, कुठला गुंडा जास्तीचा आला, कुठला राहिला, कुठला दुसऱ्याला चिकटला, यातलं ती काहीही सांगत नाही. हे गुंडे म्हणजे गुणसूत्रं, आणि ती मोजणं हे संपूर्ण वेगळं काम आहे. ‘डीएनए झाला’ म्हटल्यावर हे जोडपं निर्धास्त झालं, आणि कॅरिओटाइप, म्हणजे रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं मोजून, लांबीप्रमाणे जोड्या लावून पाहण्याची तपासणी, कुणी लिहूनच दिली नाही.

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. काउंट दर मिलिलिटरला ५० लाखांच्या खाली असेल तर इक्सीच्या आधी पुरुषाचा कॅरिओटाइप आणि वाय गुणसूत्राची सूक्ष्म तूट, या दोन तपासण्या करायच्या असतात. एकामागून एक गर्भपात होत असतील तर दोघांचाही कॅरिओटाइप. या घरात दोन्ही कारणं हजर होती. इतका कमी काउंट असलेल्या दर शंभर पुरुषांत साधारण पाचजणांच्या गुणसूत्रांत काहीतरी सापडतं. वीर्यात शुक्राणूच नसतील तर हे प्रमाण पंधराच्या आसपास जातं. इक्सीच्या एका फेरीला दोन एकरांतल्या हळदीचे पैसे गेले होते. ही तपासणी चार-पाच हजारांची.

रक्त घेण्याआधी मी वंशावळ काढायला बसले. चौकोन पुरुषाचा, वर्तुळ बाईचं, पडलेल्या गर्भाला छोटा त्रिकोण. सासूबाई सोबत आल्या होत्या, बाहेर बाकावर बसलेल्या. त्यांना आत बोलावलं. “मावशी, तुम्हाला किती लेकरं?” “तीन. दोन पोरं, एक पोरगी.” “आणि दिवस किती वेळा गेले होते?” हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. बायका जगलेली लेकरं मोजून सांगतात, बाकीची मनात ठेवतात. त्या जरा थांबल्या. “पाच येळंस. दोन पडले की माझे बी. मोठ्याच्या आधी एक, मंग पोरीच्या नंतर एक.” मी दोन त्रिकोण काढले. “आणि तुमच्या मुलीचं?” “तिचं एक पडलं. मंग दोन झाले, चांगले हायेत.” तिसरा त्रिकोण. सून त्या कागदाकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासूचे दोन गर्भपात तिला ठाऊक नव्हते. कागदावर आता एकूण सहा त्रिकोण होते, त्यांतले तीनच तिचे.

ही तपासणी जिवंत पेशींवर होते, म्हणून रक्त हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिन घातलेल्या नळीत घ्यावं लागतं. एरवीच्या रक्ततपासणीची जांभळ्या झाकणाची नळी चालत नाही. ते बर्फात गोठलं तरी वाया जातं. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवतात, विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवतात, पेशी फुगवून काचपट्टीवर सोडतात आणि रंग देऊन पट्टे उमटवतात. मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकावर बसून एकेक पेशी मोजतो. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात, ते यामुळे. दोघांचंही रक्त घेतलं.

तिचा अहवाल ४६, एक्सएक्स. नेहमीसारखा. त्यांचा ४५, एक्सवाय, आणि पुढे लिहिलेलं: १३ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांचं रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन. वाय गुणसूत्रात तूट नव्हती. हे मोठं समाधान होतं, कारण ती तूट असेल आणि तरी इक्सीने मुलगा झाला तर बापाची अडचण मुलाला जशीच्या तशी मिळते.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ साली ठरलं. ४५ म्हटल्यावर समोरचा माणूस घाबरतोच. “एक कमी? मंग मी चालतो-बोलतो कसा?” प्रश्न रास्त आहे. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्यांची गुणसूत्रं एका टोकाला अगदी तोकडी असतात. अशी दोन गुणसूत्रं तोकड्या टोकांशी एकमेकांना चिकटली की लांब बाजूंचं एक जोडगुणसूत्र होतं आणि तोकडे तुकडे गळून जातात. त्या तुकड्यांवर जे आहे ते बाकीच्या आठ तोकड्या टोकांवरही असतंच, त्यामुळे शरीराचं काही अडत नाही. रॉबर्टसन या अमेरिकी संशोधकाने १९१६ साली हा प्रकार टोळांमध्ये पाहिला, म्हणून त्याचं नाव. माणसांत हजारी एकाच्या आसपास हे सापडतं, आणि त्यातही सर्वांत जास्त १३-१४ ची जोडी. हे काही कुणी केलेल्या चुकीने होत नाही. तंबाखू, फवारणी, लहानपणचा गालगुंड, यांचा इथे संबंध नाही. बहुतेकदा ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं.

समजावताना मी एक उदाहरण दिलं, आणि ते चुकलं. हळदीचं शेत म्हणून मी हळदीवर गेले. हळदीला फूल येतं, बी धरत नाही. म्हणून आपण जेठे गड्डे, बगल गड्डे बेणं म्हणून लावतो. कारण हळदीत २१ गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ६३. दोनाची जोडी जमते, तिसरा उरतो, आणि बीज तयार होताना वाटणी बिघडते. अर्धापूरच्या केळीचंही तेच, ११ चे तीन संच, म्हणून केळात बी नाही. शास्त्र बरोबर होतं. पण ते मान खाली घालून म्हणाले, “म्हणजे मी हळदीवाणीच.” नाही. अजिबात नाही. हळदीत प्रत्येक गुणसूत्राची वाटणी अडते, यांच्यात एका ठिकाणची, आणि तिथेही बहुतेक वेळा ती नीट होते. हे पुन्हा पुन्हा सांगून त्यांचा चेहरा वर आणायला बराच वेळ गेला. तेव्हापासून ते उदाहरण मी पहिल्या भेटीत काढत नाही.

मग लोकर काढली. माझ्या ड्रॉवरमध्ये तांबड्या आणि पिवळ्या लोकरीचे तुकडे असतात. तांबडा म्हणजे १३, पिवळा म्हणजे १४. इतरांकडे दोन तांबडे, दोन पिवळे. यांच्याकडे एक सुटा तांबडा, एक सुटा पिवळा, आणि एक तांबड्याला गाठ मारलेला पिवळा. नग तीनच, पण रंग पुरेपूर. आता दोन वाट्या ठेवल्या. प्रत्येक वाटी म्हणजे एक शुक्राणू, आणि प्रत्येकीत एक तांबडा, एक पिवळा यायला हवा. वाटणी करायला मी तिला सांगितलं. तिने गाठीचा तुकडा एका वाटीत टाकला, सुटे दोन्ही दुसरीत. “हे जमलं,” मी म्हटलं, “दोन्ही शुक्राणू चांगले. एक अगदी नेहमीसारखा, दुसरा बापासारखा.” मग तिने गाठीबरोबर तांबडा टाकला आणि थबकली. एका वाटीत दोन तांबडे झाले, दुसरीत तांबडा नाहीच. तिने स्वतःच तिसरी वाटणी करून पाहिली, गाठीबरोबर पिवळा. मग कागदावर सहा वाट्या मांडल्या आणि म्हणाली, “दोन चांगल्या, चार वाईट. म्हणजे तिनातला एकच चांगला?”

दिसायला हिशेब बिनचूक आहे, पण पेशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करत नाही. ही तीन गुणसूत्रं वाटणीआधी एकमेकांना बिलगून उभी राहतात. गाठीचं मधे, सुटी दोन तिच्या दोन बाजूंना. त्या रचनेतच असा ताण असतो की बहुतेक वेळा गाठ एकीकडे ओढली जाते आणि सुटी दोन दुसरीकडे. १३-१४ जोड असलेल्या पुरुषांचे शुक्राणू रंगीत खुणा लावून मोजले तेव्हा बिघडलेल्या वाटणीचे साधारण १० ते २० टक्केच निघाले. ऐंशीहून जास्त टक्के नीट होते. (दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेल्या ट्रान्सलोकेशनमध्ये चित्र बरंच अवघड असतं; तिथे निम्म्याच्या आसपास शुक्राणू बिघडलेले असू शकतात.) आणि काउंट का कमी? त्या तिघांच्या बिलगण्यात काही टोकं जोडीविना राहतात. पेशीला ते कळतं, आणि अशा कितीतरी पेशी शुक्राणू होण्याआधीच थांबवल्या जातात.

बिघडलेल्या चार वाट्यांचं पुढे काय होतं, हेही तिने विचारलं. १३ किंवा १४ कमी असलेला गर्भ बहुधा पाळी चुकण्याआधीच संपतो. १४ जास्तीचा असेल तर पहिल्या तीन महिन्यांत पडतो. १३ जास्तीचा असलेले गर्भही बहुतेक पडतात, पण एखादं बाळ जन्माला येतं, गंभीर व्यंगं घेऊन, आणि बहुधा वर्षभरही जगत नाही. अशा पालकांच्या बाबतीत तसं मूल जन्माला येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे, आणि हा आकडा मी दोनदा सांगितला. मग तिचे तिन्ही गर्भपात यामुळेच झाले का? मी ‘हो’ म्हटलं नाही. गर्भाचा अंश एकदाही तपासला गेला नव्हता. शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी शुक्राणू नीट असताना सगळा दोष या गाठीवर टाकणं बरोबर नाही. तिसऱ्या वेळी तो अंश खारट पाण्याच्या बाटलीत प्रयोगशाळेत गेला असता तर आज उत्तर हातात असतं. फॉर्मेलिनमध्ये टाकला तर पेशी मरतात आणि वाढवताच येत नाहीत, हे लिहून ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

“मंग इक्सीत चांगला शुक्राणू निवडून घातला नव्हता का?” नवऱ्याचा हा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी जातो. इक्सी १९९२ साली ब्रसेल्समधून जगापुढे आली आणि काउंट कमी असलेल्या पुरुषांना स्वतःचं मूल होण्याची वाट मिळाली. एक स्त्रीबीज, एक शुक्राणू, काचेच्या सुईने आत सोडायचा. तो निवडताना डोक्याचा आकार, मान, शेपटीची हालचाल पाहतात. गुणसूत्रं दिसत नाहीत. शुक्राणूच्या डोक्यात ती इतकी घट्ट दाबलेली असतात की सूक्ष्मदर्शक कितीही मोठा केला तरी वेगळी ओळखू येत नाहीत. देखणा, सरळ पोहणारा शुक्राणूही दोन तांबडे घेऊन पोहत असू शकतो.

माणसाच्या शुक्राणूची गुणसूत्रं डोळ्यांनी पाहायला १९७८ साल उजाडावं लागलं. हवाई बेटांवरच्या रुडाक, जेकब्ज आणि यानागिमाची या तिघांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांचं कवच काढून त्यांत माणसाचे शुक्राणू शिरू दिले. बीजात गेल्यावरच शुक्राणू आपली गुणसूत्रं उलगडतो, आणि त्या क्षणी ती मोजता आली. (जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ त्याच वर्षी जुलैमध्ये जन्मलं, आणि ऑक्टोबरमध्ये कोलकात्याला डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा.) पुढे फिश ही रंगीत खुणांची पद्धत आली आणि हजारो शुक्राणू भराभर मोजता येऊ लागले. त्यातून कळलं की अगदी निरोगी, दोन-तीन लेकरांच्या बापाच्या शुक्राणूंतही शंभरात एक-दोन गुणसूत्रांची संख्या चुकलेले असतात, एक्स-वाय आणि २१, २२ या क्रमांकांत विशेष. काउंट फार कमी असलेल्यांत, रक्ताचा कॅरिओटाइप नीट असला तरी, हे प्रमाण चढं असतं. पण फिशसाठी शुक्राणूचं डोकं फुगवावं लागतं, आणि त्यात तो मरतो. तपासलेला वापरता येत नाही आणि वापरायचा तो तपासता येत नाही. म्हणून तपासणी एक पायरी पुढे, गर्भावर करावी लागते.

त्यांच्यासमोर वाटा कोणत्या, यावर आम्ही तीन बैठका बोललो. पुन्हा साधी इक्सी करायची, गर्भ राहिला तर चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भजल तपासायचं. ही वाट चुकीची नव्हती. आकडे त्यांच्या बाजूने होते. दुसरी वाट, इक्सीनंतर पाच-सहा दिवस वाढवलेल्या गर्भाच्या वारेकडच्या भागातल्या काही पेशी काढून गुणसूत्रं पाहायची आणि नीट असलेलाच गर्भ गर्भाशयात सोडायचा, म्हणजे पीजीटी. खर्च वाढतो, आणि एकही चांगला गर्भ न मिळण्याचीही तयारी लागते. पीजीटीने मूल होण्याची शक्यता आपोआप वाढते असं मी कुणालाही सांगत नाही. वाईट गर्भ सोडला जाऊन पुन्हा गर्भपात होणं कमी होतं, एवढंच. दात्याच्या शुक्राणूंचा विषय नवऱ्यानेच काढला. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांबद्दलच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे ते नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, दाता कोण हे कळत नाही, वगैरे मी सांगत होते. तिने मधेच थांबवलं. “यांचे ऐंशी चांगले हायेत म्हणता ना? मंग दुसऱ्याचं कामून?”

मीही मनातून तिच्याच बाजूची होते, पण समुपदेशकाने ते दाखवायचं नसतं. त्यांनी पीजीटी निवडली. तिचं कारण पैशाचं नव्हतं, आकड्यांचंही नव्हतं. “अजून एकदा ठोके थांबलेले बघायची ताकद नाही,” एवढंच म्हणाली.

बारा बीजं निघाली, नऊ पक्व, सात फळली, सहाव्या दिवसापर्यंत चार गर्भ टिकले. चौघांच्या पेशी तपासायला गेल्या, गर्भ गोठवून ठेवले. अहवालात दोन नीट. एकात १४ कमी. एकात १६ क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं, ज्याचा नवऱ्याच्या गाठीशी काही संबंध नाही. ती चूक जवळजवळ नेहमी स्त्रीबीजातून येते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे माझ्यात पण?” हो, तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत. प्रत्येक बाईच्या काही बीजांत असं होतं आणि वयाबरोबर वाढत जातं. नवरा तेव्हा कितीतरी दिवसांनी मोकळं बोलला: “बरं झालं, सारखंच निघालं.” मला ते वाक्य फार आवडलं.

‘नीट’ म्हणजे काय हेही सांगितलं होतं. ही तपासणी गुणसूत्रांचा ऐवज मोजते. गाठ असलेला पण हिशेबाने पुरा गर्भ आणि अगदी ४६ चा गर्भ, दोन्ही तिला सारखेच दिसतात.

याच सुमारास चुलत सासरे सोबत आले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, एवढं तपासताय तर पोरगा हाय का पोरगी तेवढं सांगून टाका. मी बसूनच उत्तर दिलं, पण आवाज चढला असावा. गर्भधारणेआधीच्या तपासण्याही २००३ पासून लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यात आल्या आहेत. लिंग सांगणं गुन्हा आहे, आणि अहवालात एक्स-वायची जागा झाकूनच येते. २०११ च्या जनगणनेत आपल्याच मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. ते यंत्र ज्यासाठी आहे त्याच कामाला लागलं पाहिजे, नाहीतर उद्या खरी गरज असलेल्यांनाही ते मिळणार नाही. ते उठून बाहेर गेले. सासूबाई बसून राहिल्या आणि म्हणाल्या, “कोनतं बी येऊ द्या, जितं येऊ द्या.”

त्यांची स्वतःची तपासणी करावी का, हा प्रश्न होता. गाठ त्यांच्याकडून आली असेल किंवा सासऱ्यांकडून. मी आग्रह धरला नाही. या निर्णयाला त्याची गरज नव्हती, आणि सहा वर्षं सुनेवर असलेलं बोट फक्त सासूकडे वळावं, हे मला नको होतं. पण नवऱ्याच्या भावंडांचं तसं नाही. प्रत्येकाला गाठ मिळालेली असण्याची शक्यता निम्मी. बहिणीला दोन लेकरं आहेत, तिला माहिती दिली. धाकट्या दिराचं लग्न ठरत आलं होतं.

एक गर्भ सोडला. राहिला. दहावा आठवडा आम्ही सगळ्यांनीच श्वास धरून काढला, ठोके होते. सतराव्या आठवड्यात गर्भजल तपासलं, कारण पीजीटी हा अखेरचा शब्द नसतो. १३-१४ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायची असते: १४ ची दोन्ही गुणसूत्रं एकाच पालकाकडून तर आली नाहीत ना, कारण तसं झालं तर संख्या बरोबर असूनही बाळाला त्रास होतो. ते नव्हतं. अहवाल आला, ४५, पुढची दोन अक्षरं झाकलेली, बापासारखीच गाठ. ऐवज पुरा. बाळ ठीक.

तिने तो कागद दोनदा वाचला. मग विचारलं, याचं लग्न व्हायच्या टायमाला हे सांगावं लागंल ना? मी म्हटलं, हो, मूल व्हायची वेळ येईल तेव्हा आपल्या डॉक्टरांना हा कागद पहिल्याच भेटीत दाखवायचा. तिने तो घडी न घालता प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला. घरी सातबारा आणि पीकविम्याच्या पावत्या असतात त्या ट्रंकेत ठेवणार म्हणाली, खताच्या पिशवीत नाही.

धाकटा दीर त्याच दिवशी सोबत आला होता. मोंढ्यात हळद टाकून आलेला, बाह्या पिवळ्या झालेल्या. त्याने बाही वर केली, आम्ही हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. त्याचा अहवाल अजून यायचा आहे.